कासवीची नजर

लेकीकडे इंग्लंडला गेले तेव्हा त्या घरात चार जीव होते: लेक, जावई, नात आणि दगडू. दगडू म्हणजे हरमन जातीचं कासव, मूळ भूमध्य समुद्राकाठच्या रानातलं. वय चार वर्षं, आकार माझ्या तळहाताएवढा. आधीच्या मालकाला नकोसा झाला म्हणून इथे आलेला. नाव मी ठेवलं, कारण पहिले दोन दिवस तो मला हललेला दिसलाच नाही.

त्याच्या पाठीवर टेंगळं होती. प्रत्येक खवल्याचा एकेक डोंगर. मी बघताक्षणी निदान केलं: पोराची आबाळ झालीय. आमच्या दापोलीकडे आबाळीवर एकच औषध, ताट. तिसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर त्याच्यापुढे काकडी, केळ्याचे काप आणि उकडलेले मूग मांडले. केळ्याकडे तो चक्क धावला. मी कृतार्थ.

संध्याकाळी लेकीने उरलेले मूग पाहिले. “आई, याला हे चालत नाही गं.”

“खाल्लं की त्याने!”

“तू जिलब्या ठेवल्यास तर मीही खाईन.”

मग तिने मला कासव समजावलं. कवच हे त्याचं घर, असं आपण मुलांना सांगतो. खरं तर ती त्याची पाठच. कणा आणि बरगड्या पसरून एक झालेल्या, वर नखाच्या जातीचा थर. म्हणजे वाढत्या वयात पोटात जाईल ते पुढे पाठीवर दिसणार. हाडाला कॅल्शियम हवं, आणि खाण्यात ते फॉस्फरसच्या निदान दीड-दोनपट हवं. मुगात नेमकं उलटं. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते अंगी लागू देत नाही. काकडी म्हणजे जवळजवळ पाणीच. आणि गोड फळं त्याच्या आतड्याला मानवत नाहीत. ते आतडं तंतुमय पाल्यासाठी घडलेलं.

त्याला हवं होतं ते बांधावरचं. मग मी रोज सकाळी पिशवी घेऊन निघू लागले. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू खुडलेल्या हातांना हे काम शिकवावं लागलं नाही. फवारणी न झालेली जागा हेरायची आणि डँडेलियनची पानं, फुलं, क्लोव्हर थोडं थोडं गोळा करायचं. एकच पाला रोज नाही, हा नियम. तिथले लोक ज्याला तण म्हणून उपटतात, ते मी धुऊन, निवडून ताटलीत मांडत होते.

त्याच्या पेटीत एक पांढरा, हलका तुकडा पडलेला असे. हातात घेतला आणि ओळख पटली: समुद्रफेन! माकुलाच्या पाठीतलं ते हाड आमच्या पुळणीवर लाटेबरोबर फुकट येतं. इथे ते प्लॅस्टिकच्या पाकिटात विकत आणलेलं. दगडू ते कुरतडायचा. चुन्याची भूक त्याची तो भागवायचा.

एकदा त्याला खिडकीशी उन्हात ठेवला. बाळंतघरात बाळाला कोवळं ऊन दाखवतात तसा. तेही चुकलं. उन्हातल्या ज्या अतिनील किरणांवर कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं, ते काच अडवते. ऊब आत येते, हाडाच्या कामाचं ऊन बाहेरच राहतं.

पण त्या डोंगरांचं काय? मी म्हटलं, आधीच्या मालकाने भलतंसलतं भरवलं असणार. बरीच वर्षं जाणकारही मुख्य दोष जास्त प्रथिनांनाच देत. पण २००३ मध्ये आफ्रिकेतल्या एका मोठ्या जातीच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोरड्या हवेत वाढलेल्यांना उंच टेंगळं आली, दमट हवेतल्यांना कमी. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ. दगडूही तापत्या दिव्याखाली, सुक्या भुशावर वाढलेला. त्याला खायला घालणारं माणूस होतं. तो कोरडा पडत चाललाय, हे कुणाला दिसलं नव्हतं.

आता त्याला लपायला ओलसर माती होती आणि हनुवटीखाली राहील एवढ्या कोमट पाण्यात अंघोळ. मी शेजारी बसून नुसती बघत असे. मान लांबवून तो पाणी प्यायचा, तेव्हा घशाची कातडी हलायची. तेही मला हळूहळूच दिसू लागलं.

आपल्या संतांची कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने पोसते. खरी कासवी असं काही करत नाही. आमच्या जवळच्या वेळासला ती रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत अंडी घालते आणि मागे न बघता समुद्रात जाते. ती कल्पना मला नेहमी भाबडी वाटायची. नजरेने का कुणाचं पोट भरतं?

मी परत आले. आलेले डोंगर जात नाहीत, हे लेकीने आधीच सांगितलं होतं. खवला कडेने वाढतो. मधोमध जन्मावेळचा तुकडा तसाच राहतो. परवा तिने फोनवर दगडूची पाठ दाखवली. टेंगळांच्या पायथ्याशी फिकट, नवी रेघ होती, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. सपाट.

“दिसली का?” तिने विचारलं.

दिसली. मग तिला म्हटलं, फोन जरा वर धर, तुझा चेहरा बघू दे. इतक्या लांबून मला तेवढंच करता येतं.