अंदाज आणि चौदा पायऱ्या

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे पत्र आले तेव्हा प्रथम आठवला तो वसतिगृहाच्या व्हरांड्यातील रेडिओ. सायंवंदना आटोपली की गृहपाल सर आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरील प्रादेशिक बातम्या लावीत. हिवाळा सरता सरता उत्तरेची थंड हवा आणि उपसागरावरची दमट हवा विदर्भावर एकत्र आली, की गारपीट होते, हे आम्ही पुस्तकाआधी त्या रेडिओवरून शिकलो. गारपिटीची शक्यता ऐकताच सर विचारीत, "वस्तीत कुणाचा हरभरा सोंगून शेतात पडला आहे?" मग मोठी मुले कंदील घेऊन निघत. नुसता निरोप देऊन परतण्याची मुभा नसे. ढीग ताडपत्रीखाली गेल्यावरच परतायचे.

त्या शिस्तीचा अर्थ कळायला मात्र २०२२ चा डिसेंबर उजाडावा लागला. तेव्हा मी नोकरीनिमित्त अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरी राहत होतो. हे शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशी वसले आहे. सरोवर गोठलेले नसताना त्यावरून अतिथंड वारे वाहू लागले, की ते पाण्याची वाफ उचलतात आणि काठावरच्या प्रदेशावर हिम ओततात. हा पट्टा इतका अरुंद असतो, की शहराच्या एका भागात कमरेएवढे बर्फ आणि काही मैलांवर कोरडा रस्ता.

नाताळच्या कितीतरी दिवस आधीपासून राष्ट्रीय हवामान सेवेचे बफेलो कार्यालय इशारे देत होते. पिढीतून एकदाच येणारे वादळ, असे त्याचे वर्णन होते. अंदाज खरा ठरला. २३ डिसेंबरच्या सकाळी पाऊस होता. काही तासांत पारा गोठणबिंदूच्या खूप खाली गेला. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या पुढे पोहोचला. सुमारे ३७ तास हिमझंझावात अखंड चालला आणि विमानतळावर चार फुटांहून अधिक बर्फ पडले.

आमचे घर लाकडी, दुमजली होते. वर मी आणि पत्नी; खाली एक कृष्णवर्णीय बाई आणि त्यांची वृद्ध आई. २२ तारखेच्या सायंकाळी मी त्यांना अंदाज सांगितला. वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करणाऱ्या त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मलाही ठाऊक आहे. पण गेले नाही, तर त्या दिवसाचा पगार जातो." मी मान हलवली आणि कर्तव्य झाले, असे समजून वर आलो. सकाळी साडेनऊला वाहनबंदी लागू झाली, तेव्हा त्या केव्हाच कामावर पोहोचल्या होत्या.

दुपारी वीज गेली. बॅटरीवरचा रेडिओ कानाशी धरून मी पुढचा अंदाज ऐकत बसलो, आणि अचानक सरांचा प्रश्न आठवला. दोन घरांमध्ये चौदा पायऱ्या होत्या. त्या उतरायला मला पाच तास लागले होते! आजीबाई अंगावर दोन कोट चढवून अंधारात बसल्या होत्या. हात बर्फासारखे गार. त्यांना वर आणले, काडीने शेगडी पेटवून मुगाची खिचडी केली. तिसऱ्या दिवशी त्यांची लेक परतली. दारात उभी राहून ती आधी आईकडे, मग माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या आभारांनी मला लाज वाटली.

त्या वादळात चाळीसहून अधिक माणसे गेली. कुणी गाडीत अडकून, कुणी थंडगार घरात, कुणी रुग्णवाहिकेची वाट पाहत. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून बरेच अधिक होते. अंदाज चुकला नव्हता. तो सर्वांना सारखाच ऐकू आला होता. घरी थांबण्याची सोय मात्र सर्वांना सारखी नव्हती. हे अंतर कोणतेही हवामानयंत्र मोजत नाही. सरांनी ते ओळखले होते. म्हणून ते आम्हांला निरोपाबरोबर ताडपत्री ओढायला पाठवीत.

आज विद्यालयातील मुलांच्या हाती तासातासाचा अंदाज सांगणारे फोन असतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : अंदाज वाचून झाला, की सरांचा प्रश्नही विचारा. मी आता इशारा आला, की आधी जिना उतरतो.