आप्पा कुणाकडे बघून हसत होते

आप्पांच्या शेवटच्या गणपतीतला फोटो आईला भिंतीवर लावायचा होता, आणि तो नेमका कुठला हे मला सांगता येईना. आप्पा जानेवारी २००८ मध्ये गेले. म्हणजे शेवटचा गणपती २००७ चा, त्यात शंका नव्हती. पण आमच्या संगणकावर ‘गणपती’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये २००६ आणि २००७ अशा दोन्ही वर्षांचे फोटो मिसळून पडले होते. मखर तेच, आप्पांनी स्वतः केलेलं लाकडी. पाट तोच, समयाही त्याच. आणि प्रत्येक फोटोवर तारीख जानेवारी २००५ ची.

त्याआधीचे फोटो आमच्याकडे फारसे नाहीत. आम्ही बोरिवली पूर्वेला, दहिसर नदीपासून जवळच तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवशी नदीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढलं. अल्बम कपाटाच्या खालच्या खणात होते. पाणी ओसरल्यावर आईने एकेक फोटो सोडवून वर्तमानपत्रांत वाळत घातला. बरेचसे एकमेकांना चिकटले होते. वेगळे करताना रंगाचा थरच सुटून यायचा. चाळीसेक फोटो हाती लागले. पुढच्या वर्षी डिजिटल कॅमेरा घेतला तो याच धसक्याने.

तो कॅमेरा पेन्सिल सेलवर चालायचा. सणवार झाला की आप्पा सेल काढून ठेवत, आत फुटून घाण होऊ नये म्हणून. सेल नसले की थोड्या दिवसांत कॅमेऱ्यातलं घड्याळही बंद पडे, आणि पुन्हा सेल घातल्यावर ते १ जानेवारी २००५ पासून सुरू होई. तारीख लावण्याच्या भानगडीत घरात कुणी पडलं नाही. दोन्ही वर्षी सेल घातले ते गणपती आले त्याच सकाळी. त्यामुळे दोन्ही वर्षांचे फोटो १ जानेवारीला सुरू होऊन ११ जानेवारीला संपतात. संगणकाने ते तारखेप्रमाणे लावले, म्हणजे एकमेकांत विणूनच टाकले.

यात माझ्या दोन चुकांची भर पडली. कॅमेरा प्रत्येक फोटोला चढता क्रमांक देतो. मी ते पुसून ‘गणपती १’, ‘गणपती २’ अशी नावं दिली. दुसरी चूक मोठी. फोटो ‘चांगले’ करायचे म्हणून मी ते कापले, उजळले आणि मूळ फाइलवरच सेव्ह केले. जेपेग फाइल बदलून सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो, हे तेव्हा माहीत नव्हतं. कापून टाकलेला भाग तर परत मिळतच नाही.

आईला हवा होता तो फोटो याच कापलेल्यांपैकी. आप्पा मखराशेजारी खुर्चीत बसलेत, पांढरा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तोंडभर हसू. आप्पा फोटोत हसत नसत. कॅमेरा समोर आला की त्यांचा चेहरा ताठ व्हायचा. या एकाच फोटोत ते असे दिसतात, म्हणून तो आम्हा सगळ्यांचा आवडता. पण २००६ चा की २००७ चा? भाऊ एक सांगायचा, आई दुसरं.

उत्तर मिळालं ते एका सीडीत. ‘कॅमेरा – सगळे’ असं मार्करने लिहिलेली ती सीडी दिवाळीच्या सफाईत सापडली. आताच्या संगणकाला सीडीची खाच नाही. शेजारच्या वहिनींकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सतरा वर्षांपूर्वीची सीडी वाचली जाईल अशी खात्री नव्हती. वाचली गेली. आत सगळे मूळ फोटो होते, मूळ क्रमांकांसह. शंभराच्या पुढचे एका वर्षाचे, चारशेच्या पुढचे दुसऱ्या वर्षाचे. विणलेले दोन धागे क्षणात सुटले. आप्पांचा हसरा फोटो चारशेच्या पुढचा.

तो उघडला आणि मी आईला हाक मारली. मी कापलेल्या डाव्या भागात आमचा टीव्ही होता. पडद्यावर निळ्या जर्सीतले खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते. टीव्हीसमोर जमिनीवर बिल्डिंगमधली चार पोरं, त्यातलं एक हवेत उडालेलं. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, पहिल्या ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषकाचा अंतिम सामना. जोगिंदर शर्माच्या चेंडूवर मिस्बाहने मारलेला फटका श्रीशांतने झेलला आणि पाकिस्तान पाच धावांनी हरलं. आप्पा कॅमेऱ्याकडे बघून हसत नव्हतेच. ते टीव्हीकडे बघत होते.

कॅमेऱ्याच्या हिशेबाने तो दिवस १० जानेवारी २००५ होता. फरक ९८७ दिवसांचा. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला होती, आणि कॅमेऱ्यात ११ जानेवारीला गोराईच्या खाडीवरच्या विसर्जनाचे फोटो आहेत. मेळ बरोबर बसला. डिजिकॅम नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात एका फोटोची खरी तारीख दिली की तेवढाच फरक निवडलेल्या सगळ्या फोटोंना लावता येतो. १२६ फोटो एका मिनिटात आपल्या जागी गेले. २००६ चे फोटो २७ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीवरून तसेच लावले.

तेव्हापासून मूळ फाइलला मी हात लावत नाही. ती एका फोल्डरमध्ये बंद. सुधारणा करायची ती प्रतीवर. नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. सगळ्याची एक प्रत मुलुंडला भावाकडे असते. घरातलं सगळं एका दुपारी पाण्यात जाऊ शकतं, हे आम्ही पाहिलंय.

पुरातून वाचलेले फोटोही ६०० डीपीआयवर स्कॅन केले. ते लालसर पडले होते. रंग सुधारताना आप्पांचा सदरा धरला, तो पांढरा झाला की बाकीचे रंगही बरेचसे जागेवर येतात. डाग भिंतीवर किंवा आकाशात असेल तर काढला. पण आत्याच्या लग्नातल्या एका फोटोत तिचा अर्धा चेहरा पाण्याने गेलाय. आता संगणक उरलेला अर्धा बनवून देतो. मी तो बनवून पाहिला आणि पुसला. चेहरा सुंदर होता, पण आत्याचा नव्हता. त्या फोटोत डाग तसाच आहे.

खरं काम मात्र नावांचं निघालं. एडिटिंग कुणीही पुढे कधीही करू शकेल. माणसं ओळखणारं कुणी कायमचं राहणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तर मूळ तारीखही नसते, मग चेहरा ओळखणं हाच आधार. आई शेजारी बसते, मी फोटो मोठा करतो, ती सांगते आणि मी फोटोच्या माहितीत मराठीतच लिहितो. टीव्हीसमोरची चारही पोरं तिने नावानिशी ओळखली. त्यांचा टीव्ही पुरात गेला होता, म्हणून दोन वर्षं ती आमच्याकडे मॅच बघायला येत, हेही तेव्हाच कळलं. मला आठवत नव्हतं.

तुमच्या घरात चेहरे ओळखणारं कुणी असेल, तर येत्या रविवारी त्यांच्यासाठी एक खुर्ची संगणकाशेजारी ओढा. फोटो नंतर उजळा. आधी नावं लिहून घ्या.

आप्पांचा फोटो आता हॉलमध्ये आहे, न कापलेला, टीव्ही आणि पोरांसकट. आई ८१ वर्षांची आहे आणि अजून १,४०० फोटो बाकी आहेत.