लवणातलं पाणी

भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी एक गाव आहे, ऋणमोचन. पौष महिन्यात रविवारी तिथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. लहानपणी मला त्या यात्रेला बंडीतून नेत ते आमचे सालदार. मी त्यांना मामा म्हणायचो. घाटाच्या पायऱ्यांवर बसवून ते गाडगेबाबांची गोष्ट सांगत. पूर्वी इथे घाट नव्हता, नुसता चिखल. बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी हातात फावडं घेतलं, स्वतः वाट केली आणि मग लोकवर्गणीतून घाट उभा केला. सांगताना मामा पायरीवरून हात फिरवत, जणू त्यांनीच ती बसवली होती.

आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना तो पसरला आहे. माती काळी, खोल, हात लावावा अशी. पण जमिनीखालचं पाणी खारं. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही. विहिरीला पाणी असून वावर कोरडवाहू, हे बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. आम्हाला जन्मापासून ठाऊक असतं.

मामांनी मला एक गोष्ट शिकवली. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. पावसाळा सरत आला होता. आमच्या धुऱ्यापलीकडे एक लवण, म्हणजे सखल जागा, होतं. वरच्या वावरांचं पाणी तिथे येऊन थबकायचं. मामांनी कुदळीने हातभर खड्डा केला आणि आम्ही वाट पाहत बसलो. तळाशी पाणी पाझरलं. गढूळ होतं, ते निवळू दिलं. मग त्यांनी ओंजळ माझ्यापुढे धरली.

“चाखून पाह्य पोट्ट्या. खारं लागते का गोड?”

“गोड लागते, मामा.”

“हे आभायातलं पानी हाये. खालच्या पान्याले हात नाही लावाचा. वरचं हाये तेवढंच आपलं.”

पुढे मी शिकलो, मुंबईला गेलो आणि एका देणगीदार संस्थेत अर्ज तपासायच्या कामाला लागलो. २००४ च्या सुमारास आमच्याच भागातला एक प्रस्ताव टेबलावर आला: चार लहान कास्तकारांच्या सामाईक वापरासाठी खोल बोअर. तांत्रिक अहवाल जोडलेला होता, अंदाजपत्रक चोख होतं. मी गावी गेलो तेव्हा मामा म्हणाले, “भाऊ, बोअर नका मारू. लवणात तळं खंदा.” मी ऐकून घेतलं. पण मामांचं म्हणणं लिहायला अर्जात जागा नव्हती, आणि ती जागा करून घेण्याची हिंमत मी दाखवली नाही. शिफारशीवर सही माझी होती.

बोअरला पाणी धो धो लागलं. लोकांनी नारळ फोडला. पहिल्या वर्षी हरभरा खूप आनंद देऊन गेला. तिसऱ्या वर्षी पेरणीच्या वेळी वखर मातीवरून सरकायला लागला, आत शिरेना. खाऱ्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीचे कण मोकळे करतं, ते घट्ट बसतात आणि मग त्या जमिनीत ना पाणी मुरतं ना हवा. मामांनी वावरात उकिडवं बसून नखाने वरचा पांढरा थर खरवडला, बोटावर घेऊन मला दाखवला. रागावले नाहीत. “तुमचं मन चांगलं हाये भाऊ, पन ह्या मातीले थे पानी चालत नाही,” एवढंच म्हणाले. बोअर बंद झाला. जिप्सम टाकून, धैंचा गाडून ती जमीन पुन्हा नांगराखाली यायला कित्येक पावसाळे गेले. ते ऋण माझ्या डोक्यावर आहे आणि ते पैशाचं नाही.

२०१८ साली बदलत्या हवामानाला शेतीने तोंड द्यावं म्हणून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. लोक त्याला पोकरा म्हणतात. निवडलेल्या ५,१४२ गावांपैकी ९३२ गावं खारपाणपट्ट्यातली होती. त्यात एक गोष्ट मला मनापासून पटली: प्रत्येक गावात ग्राम कृषी संजीवनी समिती, आणि कामं ठरवण्याआधी शिवारफेरी आणि पाण्याचा ताळेबंद. आमच्या शिवारफेरीत मी मागे मागे चालत होतो. कुठे काय करायचं यावर पुरुषमंडळी बोलत होती. मामांची सून निंदणाला जाणारी, तिने सगळा शिवार पायाखाली घातलेला. ती पदर सावरून पुढे झाली आणि लवणाकडे बोट दाखवून म्हणाली, “आमचे बुवा इथंच सांगत होते.”

शेततळं तिथेच झालं. आमच्या चिकणमातीत पाणी सहसा झिरपत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकच्या अस्तराचीही गरज पडली नाही. पावसाने दडी मारली त्या वर्षी त्या तळ्यातून हरभऱ्याला एक संरक्षित ओलित मिळालं. हे पाहायला मामा नव्हते. दोन वर्षांपूर्वीच ते गेले होते.

तरी सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. शेततळ्याचं अनुदान काम झाल्यावर खात्यात येतं, म्हणजे आधी खिशातून खर्च करणाऱ्यालाच ते झेपतं. प्रकल्पात भूमिहीनांसाठी शेळ्या आहेत, पण सातबारा नसलेल्या माणसाच्या ज्ञानाचा मोबदला कुठल्याच रकान्यात नाही. शिवाय प्रकल्पाचा मोठा हिस्सा कर्जाचा. हवामान बिघडवण्यात ज्यांचा हात नाही, त्यांच्या नावाने काढलेलं हे कर्ज आहे. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचा शब्द दिला होता आणि २०२० ची मुदत टळून गेल्यावर तो पुरा झाला. लंडनच्या आयआयईडी संस्थेने २०१७ साली हिशेब मांडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय हवामान निधीतला दहा टक्क्यांहूनही कमी पैसा स्थानिक पातळीपर्यंत पोचत असल्याचं दिसलं. तो आकडा वाचला तेव्हा मला टेबलावरचा, मीच शिफारस केलेला तो जुना अर्ज आठवला. पैसा वाटेत अडतो तो नुसता चोरीने नव्हे, तर न विचारण्यानेही. आणि न विचारणारा मी होतो.

गाडगेबाबांकडे ना प्रस्ताव होता ना अहवाल. घसरणाऱ्या माणसाजवळ ते आधी जाऊन उभे राहिले, वर्गणी नंतर आली. मला वाटतं, क्रम तोच बरोबर आहे.

मुंबई-पुण्यात, परदेशात बसून गावांसाठी पैसा देणारी, देणग्यांचे अर्ज तपासणारी आपली खूप माणसं आहेत. त्यांच्याजवळ माझं एकच मागणं आहे. अर्जात अंदाजपत्रकाच्या वर एक ओळ ठेवा: ‘ही जागा कोणी दाखवली?’ तिथे गावातल्या माणसाचं नाव नसेल, तर अर्ज परत पाठवा. आणि नाव असेल, तर सही करण्याआधी त्या माणसाबरोबर एकदा त्या जागेपर्यंत चालत जा.