नाव आलं का?

10 नोव्हेंबर 2025, सोमवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी द्वारकेला उड्डाणपुलाखाली मालेगावच्या गाडीची वाट बघत उभा होतो. नाशिककरांना द्वारका सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथं एकमेकांत अडकतात आणि दिवसभर तसेच अडकून राहतात. मालेगावात माझी खाला दुपारी वारली होती. मिट्टी रात्री ईशानंतर होती, म्हणून मिळेल ती गाडी धरायची होती.

ईकोत बसलो आणि फोन वाजला. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला होता. पाठोपाठ धाकट्या बहिणीचा मेसेज आला, "भाई, नाम आया क्या?"

किती माणसं गेली, हे तिनं विचारलं नव्हतं. मी तिला काय बोलणार? मीही बातमी उघडली होती ती नाव शोधायलाच. आमच्या घरांत अशी बातमी आली की पहिली दुवा मेलेल्यांसाठी नसते. या अल्लाह, आपल्यातला नको निघू दे, ही पहिली दुवा. मेलेल्यांचा नंबर त्यानंतर. याची लाज वाटते, पण पुढच्या वेळी तोंडात पुन्हा तीच दुवा येते.

ओझर गेल्यावर मागच्या सीटवरचा पोरगा म्हणाला, "कोण असणार? ठरलेलेच आहेत."

त्याच्या शेजारी एक म्हातारे बाबा होते, चांदवडकडचे असावेत. त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं रे? पोलिसांनी सांगितलं का?"

"सांगायला कशाला पाहिजे, बाबा!" मग तो माझ्याकडे वळला. "काय दादा, खरं ना?"

माझ्या डोक्यावर टोपी नव्हती, नाव त्याला माहीत नव्हतं. "तपास तर होऊ द्या," मी म्हणालो. हे वाक्य मी 2006 पासून म्हणत आलोय. नाव सांगून मग हे वाक्य म्हणायची हिंमत मात्र त्या दिवशीही झाली नाही.

2006 चं सांगायलाच हवं, कारण मी चाललो होतो तेही तिथंच, मालेगावच्या बड्या कब्रस्तानात. 8 सप्टेंबर 2006, जुम्मा, त्यात शब-ए-बारातचा दिवस. नमाज संपून लोक बाहेर पडत होते तेव्हा हमीदिया मशीद, बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक इथं बॉम्ब फुटले. सायकलींना लावले होते. 31 माणसं गेली, तीनशेच्या वर जखमी झाली. मेलेले जवळजवळ सगळे मुसलमान. आणि एटीएसनं पकडलेले नऊच्या नऊ मुसलमान! आपल्याच कब्रस्तानात, आपल्याच लोकांच्या नमाजेच्या वेळी हे बॉम्ब का ठेवतील, हा साधा प्रश्न तेव्हा फार थोड्यांना पडला. त्यातले सात जण नोव्हेंबर 2011 मध्ये जामिनावर सुटले. एनआयएनं 2013 मध्ये भलत्याच चार जणांवर, चारही हिंदू, आरोपपत्र ठेवलं. 25 एप्रिल 2016 ला कोर्टानं आधीच्या आठ जणांना दोषमुक्त केलं. नववा तोवर हे जग सोडून गेला होता. आणि त्या 31 जणांना मारल्याबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

इथं थांबलो असतो तर माझी बाजू छान दिसली असती. पण 2008 पण सांगतो.

29 सप्टेंबर 2008, रमजानचा महिना. मालेगावच्या भिक्खू चौकात मोटरसायकलवर बॉम्ब फुटला, सहा जण गेले. पुढच्या महिन्यात हेमंत करकरेंच्या एटीएसनं साध्वी प्रज्ञासिंह यांना अटक केली आणि नाशिकच्या कोर्टात आणलं. त्या दिवशी द्वारकेजवळच्या एका टपरीवर आम्ही चार-पाच मित्र पेपर वाचत होतो. त्यातल्या एकानं सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. खुशीनं दिले. या वेळी नाव आमचं नव्हतं ना! मीही तो चहा प्यालो. सहा माणसं मेली होती, तीही आमचीच, पण चहाच्या वेळी त्यांची आठवण कोणाला झाली नाही. आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे, हे आमच्याबाबतीत ओरडून सांगणारे आम्ही, त्या दिवशी ते सोयीनं विसरलो. 31 जुलै 2025 ला कोर्टानं सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, तेव्हा मला खटल्याच्या आधी तो चहा आठवला. आता त्या सहा जणांनाही कोणी मारलं, ते ठाऊक नाही. सतरा वर्षं दोन्हीकडचे लोक मारणारा कोणाचा यावरच भांडत होते. तो कोण, हे विचारणारे त्या सहा घरांतले लोक तेवढे उरले.

दिल्लीच्या वेळी नावं आली ती आमचीच होती. पुढच्या दिवसांत तपास यंत्रणांनी सांगितलं की गाडी चालवणारा काश्मीरचा डॉक्टर होता, पकडलेल्यांतही डॉक्टर होते. माझी भाची फार्मसीला आहे. तिला वर्गात कोणीतरी विचारलं, "तुमच्यातले शिकलेलेसुद्धा असं का करतात गं?" ती घरी येऊन काही बोलली नाही. दोन दिवसांनी जेवताना बोलली.

त्याच आठवड्यात शाळेतल्या माझ्या गणिताच्या सरांचा फोन आला. सर ब्राह्मण, मूळ सातारा जिल्ह्यातले, वय नव्वदीकडे. गांधीजींचा खून झाला त्या संध्याकाळी बिर्ला हाऊसपाशी कोणीतरी मुसलमानानं मारलं म्हणून ओरडलं आणि माउंटबॅटन यांनी, स्वतःला पक्कं माहीत नसताना, मारणारा हिंदू आहे असं सांगून टाकलं, ही गोष्ट मला माहीत होती. रेडिओवरही मारणारा हिंदू असल्याचं मुद्दाम सांगितलं गेलं. मुसलमानांच्या वस्त्या वाचल्या. पण नाव गोडसे आहे, हे कळल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं पेटली. सरांचं त्यात गेलं. ते तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते.

"तुमच्याबाबतीत निदान अंदाज चुकला असं म्हणता तरी येतं कधीकधी," सर म्हणाले. "आमच्या वेळी नाव खरंच होतं रे. वडिलांनी आयुष्यात नथुरामला पाहिलं नव्हतं. कोणाला सांगणार?"

मी भाचीला सरांचा नंबर दिला. दोघं बरंच बोलले म्हणे. काय बोलले ते मी विचारलं नाही.

त्या सोमवारी रात्रीचं सांगायचं राहिलं. चांदवडला बाबा उतरले, पोरगा उमराण्याला. उतरताना त्यानं माझी पिशवी खाली पडली होती ती उचलून सीटवर ठेवली, "येतो दादा" म्हणाला. पोरगा वाईट नव्हता.

कब्रस्तानात पोचलो तेव्हा जनाजा आलेला होता. मिट्टी दिली, फातिहा झाली. गेटकडे येताना खालाच्या मोहल्ल्यातले एक चाचा माझ्याबरोबर चालत होते. 2006 मध्ये याच गेटजवळ त्यांचा धाकटा भाऊ गेला. मी नाशकाहून आलो, फोन हातात आहे, म्हणून त्यांनी विचारलं, "दिल्ली में कितने लोग गए, बेटा?"

मला सांगता येईना. तीन तासांत मी पंचवीस वेळा बातमी उघडली होती, पण आकडा वाचलाच नव्हता. पुन्हा फोन काढला, शोधला, सांगितला. चाचा गेटपाशीच थांबले आणि त्यांनी दुवेला हात उचलले.