आगालेगाची धावपट्टी

प्रिय दोस्ता,

आगालेगाबद्दल आमच्याकडे काय बोलतात, असं विचारलंस. खरं सांगू? काहीच बोलत नाहीत. चीनने श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर कसं घशात घातलं, यावर आमच्या कट्ट्यावर कुणीही अर्धा तास बोलेल. पण आमच्या सरकारने तुमच्या मॉरिशसच्या एका बेटावर तीन किलोमीटरची धावपट्टी बांधलीय, हे दहातल्या नऊ जणांच्या गावीही नसतं. ती बांधणारी अ‍ॅफकॉन्स कंपनी तर मुंबईचीच. 2024 च्या अखेरीस तिचे शेअर बाजारात आले तेव्हा लोकांनी अर्ज भरले. त्यांतल्या एखाद्याला नकाशावर आगालेगा दाखवायला सांग, बोट मादागास्करभोवती घिरट्या घालत राहील.

मीही हल्लीच नीट वाचलं. पोर्ट लुईपासून हजारएक किलोमीटर उत्तरेला दोन चिंचोळी बेटं, ओहोटीला वाळूवरून एकावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. सगळी मिळून तीनशेच्या आसपास माणसं, म्हणजे आमच्या कोकणातली एखादी वाडी. नारळाच्या बागा आणि मासेमारी. आणि या वाडीला मुंबईच्या मोठ्या धावपट्टीहून थोडीशीच आखूड धावपट्टी! नारळ न्यायला एवढी लागत नाही, हे सांगायला कुणी संरक्षणतज्ज्ञ नको. आमच्या नौदलाची पी-8आय नावाची टेहळणी विमानं आहेत, पाणबुड्या हुडकणारी. त्यांची एक तुकडी गोव्याला हंसा तळावर असते. तशा विमानाला नैर्ऋत्य हिंदी महासागरात उतरायला जागा हवी, हे उघड आहे. जिबूतीत चीनचा तळ 2017 पासून आहे, तेव्हा दिल्लीला काळजी वाटावी यात मला काही वावगं दिसत नाही. तुमच्या सरकारने मात्र ‘हा लष्करी तळ नाही’ हे पालुपद सोडलं नाही. मार्च 2015 मध्ये मोदी पोर्ट लुईला आले तेव्हा करार झाला, 29 फेब्रुवारी 2024 ला दोन्ही पंतप्रधानांनी दुरून, पडद्यावरूनच धावपट्टीचं आणि धक्क्याचं उद्घाटन केलं. मधल्या नऊ वर्षांत त्या कराराचा मजकूर काही लोकांसमोर आला नाही.

माझं म्हणणं एवढ्याच जागी अडतं. बांधलं याचा राग नाही, लपवलं याचा आहे. आगालेगाच्या लोकांना भीती वाटते ती उगाच नाही. दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ व्हावा म्हणून ब्रिटिशांनी 1968 ते 1973 या काळात चागोस बेटांवरची अख्खी वस्ती बोटींत कोंबून तुमच्याकडे आणि सेशेल्सला आणून टाकली. तीही नारळाच्या बागांत राबणारीच माणसं. आगालेगात तर जमीनही रहिवाशांच्या नावावर नाही, सगळा कारभार सरकारी महामंडळाचा. ‘तुम्हाला कुणी हलवणार नाही’ असं अशा माणसाला नुसतं तोंडी सांगून भागेल का? भारत काही ब्रिटन नाही, हे मी तुला छातीठोक सांगेन. पण त्यांना ते कोणत्या कागदावर दिसणार?

सेशेल्सचं बघ. तिथल्या असम्प्शन बेटावर भारताचा असाच बेत होता, शेजारी आल्डाब्रा बेटावरची ती प्रचंड कासवं. 2015 चा करार, मग जानेवारी 2018 मध्ये सुधारलेला. दोन महिन्यांत त्याचा मजकूर फुटला, लोक राजधानी व्हिक्टोरियाच्या रस्त्यावर आले, संसदेत बहुमत विरोधकांचं होतं आणि जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर यांनी हात वर केले. दिल्लीतल्या जाणकारांनी यातून काय धडा घेतला असेल? ‘पुढच्या वेळी जास्त विश्वासात घ्या’ की ‘पुढच्या वेळी कागद नीट कुलपात ठेवा’? मला दुसऱ्याचीच धास्ती वाटते.

मालदीवचं तर विचारूच नको. 2014 मध्ये मालेत पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प जळाला तेव्हा आमची विमानं काही तासांत पाणी घेऊन पोहोचली होती. तरी 2023 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मुइझ्झूंनी ‘इंडिया आउट’च्या वातावरणात जिंकली. दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान चालवणारे शंभराच्या आतले भारतीय जवान मे 2024 पर्यंत परत आले. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या तीन उपमंत्र्यांनी मोदींवर शेरे मारले होते आणि आमच्या लोकांनी मालदीवची तिकिटं रद्द करून त्याचे फोटो टाकले होते. देशभक्ती इतकी स्वस्तात कधी झाली नव्हती! जुलै 2025 मध्ये मोदी मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे होते आणि 4,850 कोटी रुपयांचं कर्ज देऊन आले. लहान देशांना दोन्ही दुकानांत भाव करता येतो. मला तर त्यांचं कौतुकच वाटतं.

तुमच्याकडे मामला वेगळा, तिथे आमची माणसंच आहेत. रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेलेल्यांची तुम्ही पोरं. गणेश चतुर्थीची तुम्हाला सरकारी सुट्टी असते, मोका गावी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला त्याची बातमी इथे झळकली, आणि तू क्यूर्पिपहून ज्या मेट्रोने जातोस ती लार्सन अँड टुब्रोची, भारताच्या मदतीतली. म्हणूनच आम्ही तुम्हाला गृहीत धरतो की काय, अशी शंका येते. घरच्याला कोण कागद दाखवतं? पण आगालेगाच्या त्या तीनशे माणसांचं कोकणाशी काही नातं नाही. त्यांचे पूर्वज मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले.

एक मात्र मान्य करायला हवं. डिसेंबर 2024 मध्ये चिडो वादळाने आगालेगाला झोडपलं, तेव्हा मदत त्याच धावपट्टीवर उतरली. म्हणजे ती उपयोगाची आहेच. तर पुढच्या पत्रात मला एवढं शोधून कळव: बाळंतपणाला मॉरिशसला यावं लागणारी आगालेगाची बाई आता साधं तिकीट काढून विमानात बसू शकते का, की तिच्या नशिबी अजून बोटच आहे? तिकिटाचा दरही लिही.

तुझा,
पुण्याचा मित्र