हिमाविना गुलमर्ग

काश्मीरच्या हिवाळ्याला आपल्या नक्षत्रांसारखेच ठरलेले वेळापत्रक आहे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्ले कलान’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे; नंतरचे वीस ‘चिल्ले खुर्द’ आणि अखेरचे दहा ‘चिल्ले बच्चा’. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेले हिम घट्ट बसते आणि उन्हाळ्यापर्यंत पुरते. झरे, ओढे, सफरचंदाच्या बागा या सर्वांची पुंजी तीच. मृग कोरडा गेल्यावर शेतकऱ्याच्या मुखावर जी छाया उतरते, तीच २०२४ च्या जानेवारीत आम्हांस गुलमर्गच्या प्रत्येक चेहऱ्यावर दिसली. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील त्या विख्यात कुरणात ऐन चिल्ले कलानमध्ये वाळलेले पिवळे गवत होते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ त्या मोसमात दुर्बळ ठरले होते.

स्लेज ओढणारे आपल्या लाकडी गाड्या उलट्या टाकून त्यांवर बसले होते. फेरनमध्ये कांगडी धरून घोडेवाले गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. हिमावर चालणारा सारा व्यवहार थबकला होता.

आम्ही गेलो होतो ते स्की-भ्रमणासाठी. यात पाळण्यात बसून वर जाणे व घसरत खाली येणे एवढेच नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. केसांचा कल मागे असल्याने स्की पुढे सरकते, परंतु मागे घसरत नाही. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत, आता नायलॉनच्या वा अंगोरा बोकडाच्या लोकरीच्या असतात. टाच मोकळी ठेवून पावलापावलाने डोंगर चढायचा, माथ्यावर पट्ट्या काढायच्या आणि टाच आवळून उतरायचे.

कोंगदूरीहून आम्ही अफरवटच्या दिशेने निघालो, ते प्रथम स्की पाठीवर बांधूनच. उंचावर सावलीच्या घळींत पातळ थर होता. त्यातून खडकांची टोके डोकावत होती. आमच्या स्थानिक वाटाड्याने काठी खुपसून तळाचे हिम ओंजळीत घेतले. ते भरड साखरेप्रमाणे बोटांतून गळून गेले. “साहेब, थोडे हिम आहे म्हणून धोका थोडा, असे समजू नका,” तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यामागे शास्त्र आहे. जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार असते आणि वरची हवा अतिशीत. थर पातळ असला की एवढ्याशा जाडीत तापमानाचा मोठा फरक पडतो. खालची वाफ वर सरकते आणि तळाचे कण एकमेकांना न धरणारे, टोकदार व सैल बनतात. पुढे त्यांवर भरघोस हिम पडले की पाया वाळूचा आणि इमारत दगडाची अशी गत होते. एका माणसाच्या भारानेही सारा उतार सुटू शकतो.

वाटाड्याच्या शब्दाला मान देऊन आम्ही मोठी घळ टाळली व सौम्य उतारावर चार वळणे घेऊन परतलो. महिनाअखेरीस हिम पडू लागले, फेब्रुवारीत भरपूर पडले. २२ फेब्रुवारीस खिलनमर्ग परिसरात हिमकडा कोसळून एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. ज्या हिमासाठी सारे खोरे डोळे लावून बसले होते, तेच असे उशिराने आणि एकदम येऊन जीवघेणे ठरू शकते.

तो हिवाळा एकटा राहिला नाही. २०२५ मध्ये ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा हिमाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्यावा लागला. खेळाडूंच्या तारखा पुढे ढकलता येतात. झऱ्यांना आणि बागांना तशी मुभा नसते.

गुलमर्गला जाण्याचा बेत करणाऱ्या वाचकांस आमचे एवढेच सांगणे: हिम दिसले नाही तरी घोडेवाल्याला विन्मुख परत पाठवू नका, त्याच्या संगतीने देवदारांच्या छायेत फिरा, नून चाय घ्या. आणि हिम विपुल पडले, तर त्याखाली काय दडले आहे हे तेथील माणसाला विचारल्यावाचून उतारावर पाऊल टाकू नका.