पानाची भाषा कोणती?

आमच्या लेखांतील अक्षर न् अक्षर मराठी. तरीही पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदलेली होती. भालकीच्या एका दृष्टिहीन वाचकांनी ही बाब निदर्शनास आणली. त्यांचा स्क्रीन रीडर मराठी लेख इंग्रजी आवाजात वाचू पाहत होता आणि पावलोपावली अडखळत होता.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये आम्ही मराठी निवडलेली होतीच. परंतु थीम रचणाऱ्याने हेडरच्या फाइलमध्ये इंग्रजीचा संकेत कायमचा लिहून ठेवला होता. ब्राउझरमधूनच अ‍ॅडमिन उघडावे, थीम फाइल एडिटरमध्ये त्या जागी ‘एमआर’ हा मराठीचा संकेत घालावा, एवढीच दुरुस्ती. ती करताना शेजारचा एक कंस आमच्या हातून पुसला गेला. एडिटरने ओळीचा क्रमांक सांगून बदल नाकारला. न्यायालयाच्या कचेरीने त्रुटी दाखवून अर्ज परत करावा, तशी ही खबरदारी नोव्हेंबर २०१७ मधील ४.९ या आवृत्तीपासून आहे. दुसऱ्या खेपेस दुरुस्ती जतन झाली. अक्षरसंचात सोय असल्याने ‘ल’ आणि ‘श’ यांनीही हिंदी वळण सोडून मराठी वळण घेतले.

हे समाधान महिनाभरच टिकले. थीमची नवी आवृत्ती आली, तिने ती फाइलच बदलली आणि पान पुन्हा इंग्रजी झाले. कायद्यातील दुरुस्तीला क्रमांक आणि दिनांक असतो. हा एडिटर मात्र जुना मजकूर राखत नाही. म्हणून आता आम्ही मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवतो. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून स्वतंत्र चाइल्ड थीम करून दुरुस्त हेडर तिच्यात ठेवला आहे. मूळ थीम कितीही बदलली तरी तो पुसला जात नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. त्याच दिवशी अंमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क संविधानात घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्नशील राहावे, असे तो सांगतो. मूळ संहितेत लिहिलेले प्रत्येक गावच्या शाळेपर्यंत पोचते की नाही, हे मात्र आपणच वारंवार पाहावे लागते.

आळंदपासून औरादपर्यंत ज्यांची मराठी संकेतस्थळे आहेत, त्यांनी पानाचा सोर्स एकदा उघडून पाहावा. भाषेची नोंद अगदी वरच्या ओळींतच सापडते.